लाल स्वेटर नको होता

मी जर्मनीला गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते. बी.कॉम. झालेलं, पुण्यात राहून जर्मन शिकलेलं, आणि पुढे काय याचा पत्ता नाही. माझ्याबरोबर भाषा शिकणारी बहुतेक मुलं इंजिनियर होती. त्यांना तिकडे मास्टर्स करायचं होतं, भाषा फक्त जोडीला हवी होती. माझ्याकडे फक्त जोडीचं होतं, मुख्य काहीच नव्हतं. आमच्या बाई एकदा क्लास सुटल्यावर म्हणाल्या, "तू तिथल्या सरकारच्या स्वयंसेवक योजनेला अर्ज का नाही करत? वर्षभर एखाद्या संस्थेत राहायचं, काम करायचं. राहणं-खाणं त्यांचं."

त्या योजनेचं जर्मन नाव एका श्वासात म्हणता येत नाही, म्हणून तिथे सगळे त्यात काम करणाऱ्याला 'बुफ्दी' म्हणतात. पूर्वी तिथल्या मुलांना सक्तीने लष्करात जावं लागायचं, आणि ज्यांना बंदूक धरायची नसेल ते त्याऐवजी इस्पितळांत, वृद्धाश्रमांत सेवा करायचे. ती सक्ती नुकतीच बंद झाली होती. तिच्या जागी ही योजना आली आणि त्यात परदेशी मुलंही चालत होती.

सांगलीत बाबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं, दिवसभर लोकांची ये-जा. ते म्हणाले, "सेवा वगैरे ठीक आहे गं. पण लोकांना काय सांगायचं?" मग त्यांनीच ठरवलं काय सांगायचं ते. "जर्मन सरकारच्या प्रोग्रामला सिलेक्शन झालंय." यात एकही शब्द खोटा नव्हता. पेढे वाटले गेले.

माझी संस्था फ्रांकेन भागातल्या एका खेड्यात होती. न्यूरेंबर्गहून गाडी, मग बस, आणि बस सोडली की चालत. आजूबाजूला मका आणि माशांची तळी. चौकोनी, उथळ, एकापुढे एक अशी तळी, आणि त्यांत कार्प मासे. संस्था म्हणजे जन्मापासून किंवा अपघाताने अपंगत्व आलेल्या मोठ्या माणसांचं राहतं घर. पिवळ्या रंगाची दुमजली इमारत, रुंद दारं, उतरत्या फरशा, भिंतींना सगळीकडे कठडे. वर पोटमाळ्यावर आम्हा बुफ्दींच्या खोल्या. माझ्या खोलीचं छत इतकं उतरतं होतं की पलंगावरून उठताना पहिले काही दिवस मी रोज डोकं आपटून घेतलं.

पहिल्या दिवशी विभागप्रमुख बाईने मला घर दाखवलं. पन्नाशीची, उंच, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. ती भराभर बोलत होती आणि मी "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत मान हलवत होते. मला पुण्यात वर्गात सगळ्यांत चांगले मार्क होते. इथे दर तीन वाक्यांतलं एक समजत होतं, आणि तेही पाहुण्याशी बोलताना ती मुद्दाम शुद्ध बोलत होती म्हणून. ती वळून आपल्या सहकाऱ्यांशी बोलायला लागली की ती भाषा मी कधी शिकलेच नव्हते असं वाटायचं. फ्रांकेनमध्ये ट चा ड होतो, प चा ब होतो, शब्दांची शेपटं गळून पडतात. आपल्याकडे एखाद्या परदेश्याने पुस्तकी मराठी शिकून थेट मालवणात उतरावं, तसं माझं झालं.

शेजारच्या खोलीत एक जर्मन मुलगी होती, शाळा नुकतीच संपवून आलेली. चांगली होती. मला वॉशिंग मशीन कसं लावायचं ते दाखवलं, तिच्याकडचा चहा दिला. पण शुक्रवारी दुपारी तिचे वडील गाडी घेऊन यायचे आणि ती रविवारी संध्याकाळपर्यंत घरी जायची. शनिवारी-रविवारी पोटमाळ्यावर मी एकटी. रविवारी खेड्यात बसही येत नव्हती. दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही, चर्चच्या घंटा वाजून गेल्या की फक्त तळ्यांवरची बदकं. मी चालत तळ्यांपर्यंत जायचे, परत यायचे. वाटेत कुणी भेटलं तर ते "ग्र्यूस गोट" म्हणायचे, मीही म्हणायचे. एखाद्या रविवारी माझं दिवसभराचं बोलणं तेवढंच.

आईचा फोन यायचा. "जेवलीस का? काय जेवलीस? थंडी पडली का? स्वेटर घालतेस ना?" मी सगळ्याला हो म्हणायचे. "काम कसं आहे?" "छान आहे." "म्हणजे नक्की काय करतेस?" "ऑफिसमध्ये मदत, लोकांची मदत, असंच." आई फार खोलात शिरायची नाही. बहुधा तिला कळत होतं की मी शिरू देणार नाही.

नक्की काय करत होते ते असं. पहिला आठवडा मी एका अनुभवी बाईच्या मागे मागे फिरले. भरवायचं कसं, गिळता येत नाही अशा कुणाच्या पाण्यात ते घट्ट करणारी पावडर घालायची, चाकाच्या खुर्चीचे ब्रेक, लंगोट बदलणं, अंग पुसणं. सांगलीत मी घरातल्या कुणा आजाऱ्याचंही काही केलेलं नव्हतं, आई करायची. पहिल्या दिवशी एका गृहस्थांचं पुसून झाल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तेवढा वेळ लागला नाही. त्याची सवय फार लवकर झाली, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. सवय झाली नाही ती दुसऱ्या गोष्टीची. इतक्या जवळून माणसांना हात लावायचा आणि त्यांच्याशी बोलता मात्र यायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून माझ्याकडे सकाळी एक बाई दिल्या. मी त्यांना इथे बाईच म्हणते. साठी ओलांडलेल्या, पांढरे आखूड केस, निळे धारदार डोळे. जन्मापासून हातापायांवर ताबा नव्हता आणि जीभही आखडलेली. शब्द घशात अडकून, ओढत, तुटत बाहेर यायचे. डोकं मात्र लखलखीत. खोलीत रेडिओ सतत बातम्या सांगत असायचा आणि त्या मधेच राजकारण्यांना शिव्या द्यायच्या, असं मला सांगण्यात आलं. मला त्या शिव्याही कळत नव्हत्या. लिफ्टरने उचलण्याचं काम दोघींनी मिळून करायचं, पण त्याआधीचं सगळं माझं. तोंड, हात, पाठ कोमट पाण्याने पुसणं, केस विंचरणं, कपडे घालणं.

मी ते अगदी जपून करायचे. शांतपणे. चुकीचं जर्मन बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं, असं मी ठरवून टाकलं होतं. 'पाणी' या शब्दाला कुठलं आर्टिकल लागतं हे आठवेपर्यंत पाणी गार व्हायचं. म्हणून आत गेले की "गूटन मॉर्गन", निघताना "बिस श्पेटर", आणि मधे काहीच नाही.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी मी त्यांची पाठ पुसत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "रेड."

मी थांबले. "वी बिटं?" म्हणजे, काय म्हणालात?

"रेड!" मग आणखी काहीतरी, घशातलं. "रेड हाल्ट!"

जर्मनमध्ये लालला 'रोट' म्हणतात, हे पहिल्या धड्यातलं. पण इथे सगळेच शब्द पिळून काढलेले असतात, तेव्हा रोटचं रेड झालं असणार. मी कपाट उघडलं. आत खरंच एक लाल स्वेटर होता, लोकरीचा, पुढे बटणं असलेला. मला आनंद झाला. समजलं मला! मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मान जोरात हलवली. नाही कशाला, घालून बघा, असं मनात म्हणत मी तो घातला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा "रेड." मी लाल गळपट्टा आणला. मग लाल टॉवेल. एकदा दात घासायचा लाल पेला पुढे केला. दरवेळी त्यांचा चेहरा अधिक तापत होता. एका सकाळी मी पुन्हा तो स्वेटरच काढला, तेव्हा त्या ओरडल्या. त्यांचं सगळं अंग ताठ झालं, एक हात उसळून पाण्याच्या भांड्यावर आपटला, पाणी माझ्या अंगावर. माझी सहकारी धावत आली. बाई तिला धापा टाकत काही म्हणाल्या. सहकारिणीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ती हळू बोलली, "म्हणजे... ती म्हणतेय, उद्यापासून दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

विभागप्रमुखाने मला बोलावून घेतलं. रागावली नाही. "असं होतं," ती म्हणाली. "ती सोपी नाही. दर सप्टेंबरला नवी मुलं येतात, ऑगस्टमध्ये जातात. दर वर्षी नवे हात. कधी कधी तिचं जमत नाही." मला तोवर स्वयंपाकघर आणि धुण्याच्या खोलीचं काम दिलं.

धुण्याची खोली तळघरात होती. गरम, दमट, मशीनच्या घरघरीने भरलेली. मी चादरींच्या घड्या करायचे. तिथे कुणी येत नव्हतं. मला वाटलं होतं की परदेशात एकटं वाटतं म्हणजे घरची आठवण येते. तसं नव्हतं ते. घर आठवायचं, पण त्याहून वाईट हे होतं की एका आजारी, अडलेल्या बाईंनीसुद्धा मला नको म्हटलं होतं. सेवा करायला येऊन सेवाही नाकारली गेली, तर मग मी तिथे कशासाठी होते?

त्याच शनिवारी मला हेर्त्सोगेनआउराखला जायचं होतं. बाबांच्या मित्राचे पुतणे तिथे एका मोठ्या कंपनीत इंजिनियर होते. त्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, फोन आला होता. "आमच्याकडे गणपती बसतो. इथे आम्ही शनिवार-रविवार बघूनच बसवतो, काय करणार! तू ये, राहा, रविवारी आम्ही सोडू." त्यांचा मराठी आवाज ऐकून मी फोनवरच रडायच्या बेतात आले होते.

मी बॅगेत ठेवून दिलेला चांगला ड्रेस घातला आणि दोन बस बदलून गेले. दार उघडलं आणि फोडणीचा वास आला. उंबऱ्यावर बुटांचा ढीग, आत मराठी कलकल. "इथे बग फिक्स झाला नाही आणि ते मीटिंगा घेतायत," "अरे आउसलेंडरबेहोर्डेमध्ये टेर्मीन मिळाला का?" म्हणजे व्हिसाच्या कचेरीत अपॉइंटमेंट, असं सगळं. मला वाटलं, आता दोन दिवस तोंड बंदच ठेवायचं नाही.

वहिनी मोदक करायला बसल्या होत्या. आणखी तिघी-चौघी. मीही हात धुऊन त्यांच्यात बसले. मला कळ्या चांगल्या पाडता येतात, आईने शिकवलंय. एकीने विचारलं, "तू कुठल्या युनिव्हर्सिटीत?"

"युनिव्हर्सिटीत नाही. मी बुफ्दी आहे." मी सांगायला लागले. कुणीतरी आपल्या भाषेत विचारलं याचाच इतका आनंद होता की मी सगळंच सांगून टाकलं. घर कसं आहे, लोक कसे आहेत, भरवणं, अंग पुसणं, लंगोट.

"म्हणजे नर्सिंग?"

"नाही, नर्सिंगचं शिक्षण नाही लागत."

"म्हणजे... ते सगळं तू स्वतः करतेस? हाताने?"

"ग्लव्ह्ज घालतो ना आम्ही."

कुणी काही वाईट बोललं नाही. वहिनी उठल्या, माझ्यासमोरची उकडीची परात अलगद आपल्याकडे ओढली आणि म्हणाल्या, "अगं, तू कशाला, तू पाहुणी. दमून आली असशील. जा, बाहेर बस." माझ्या हातात अर्धा मोदक होता. तो कुठे ठेवावा मला कळेना. शेवटी मी तो परातीच्या कडेला ठेवला. नंतर तो उकडायला घेतला की नाही, ते मी पाहिलं नाही.

आरतीनंतर एकाने पुन्हा युनिव्हर्सिटीचं विचारलं, तर वहिनीच पुढे होऊन म्हणाल्या, "ती ना, सोशल वर्कच्या एका प्रोग्रामला आलीय. गव्हर्न्मेंटच्या." आणि स्वयंपाकघरात मला जवळ घेऊन, अगदी मायेने, "राग मानू नकोस हं. पण सगळ्यांना कशाला सगळं सांगायचं? उद्या कुणी तुझ्या स्थळाचा विचार करत असेल. लोक काहीतरीच समजतात." त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. बाबांनी पेढे वाटताना हेच तर केलं होतं.

मी वाट चुकल्यासारखी त्यांच्या मुलीच्या खोलीत शिरले. पाच-सहा वर्षांची मुलगी, परकर-पोलकं घालून जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. मी शेजारी बसले. मी मराठीत बोलत होते, तिला सगळं समजत होतं, उत्तरं मात्र जर्मनमध्ये येत होती. तिथली मुलं तशीच. तिने गणपतीचा उंदीर जांभळा रंगवला होता. तिचं जर्मन माझ्या सहकाऱ्यांसारखंच होतं, फ्रांकेनचं, शेपूट तुटलेलं.

"सोंडेला कुठला रंग देणार?" मी विचारलं.

"रोट."

"आमच्याकडे एक बाई आहेत ना, त्या लालला रोट नाही म्हणत. रेड म्हणतात."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग खदखदून हसली. "नाही! रेड म्हणजे लाल नाही काही! रेड म्हणजे बोल!" ती उठून बसली, कमरेवर हात ठेवले आणि मोठ्या बाईसारखा आवाज काढला, "एत्स रेड हाल्ट! आता बोल की जरा! आमच्या किंडरगार्टनची टीचर मला रोज म्हणते. मी तिथे काहीच बोलत नाही ना, म्हणून."

माझ्या डोळ्यांसमोरून गळपट्टा, टॉवेल, पेला, सगळं जात होतं. बोल. बोल की. रोज सकाळी त्या बाई मला सांगत होत्या की बोल, आणि मी त्यांना गप्प राहून स्वेटर घालत होते.

"का गं बोलत नाहीस तिथे?" मी त्या मुलीला विचारलं.

तिने खांदे उडवले आणि सोंड लाल करायला घेतली.

रविवारी दुपारी तिचे बाबा मला गाडीतून सोडायला आले. वाटेत म्हणाले, "काही लागलं तर सांग. पुढे शिकायचं बघ मात्र. एक वर्ष ठीक आहे." ते भले गृहस्थ होते. घरासमोर गाडी थांबली तेव्हा तीन-चार जण अंगणात खुर्च्यांवर उन्हाला बसले होते. त्यांतल्या एकाने मोठ्याने हाक मारली, हात हलवला. मुलीच्या बाबांनी काच खाली केली नाही. "मी इथूनच निघतो," म्हणाले. वहिनींनी दिलेला मोदकांचा डबा माझ्या हातात होता.

सोमवारी मी विभागप्रमुखाकडे गेले आणि म्हणाले की मला बाईंकडे परत जायचंय. तिने भुवया उंचावल्या. "मी नाही ठरवू शकत. तिला विचार."

बाई खिडकीपाशी होत्या. रेडिओ चालू होता. मी समोर जाऊन उभी राहिले. वाक्य रात्रीच पाठ करून ठेवलं होतं, पण ते सगळं विसरलं. मी म्हणाले, "रेड. मला वाटलं, लाल."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मी पुन्हा म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला लाल काहीतरी हवंय. मला ती बोली येत नाही. म्हणून स्वेटर."

मग त्या हसायला लागल्या. त्यांचं हसू सगळ्या अंगातून यायचं. खुर्ची हलायला लागली, हात उडायला लागले, हसता हसता ठसका लागला आणि बाहेरून माझी सहकारी घाबरून धावत आली. बाई तिला सांगायचा प्रयत्न करत होत्या आणि हसण्यात शब्द अधिकच तुटत होते. "रोट! ...स्वेटर! ...पेला!" सहकारिणीला काहीच कळेना. मला मात्र सगळं कळत होतं.

शांत झाल्यावर त्या एकेक शब्द सुटा करून, मला वेळ देत म्हणाल्या, "मी. लाकूड. नाही."

दुसऱ्या सकाळी मी बोलले. पाऊस पडतोय म्हणाले. काल पडत नव्हता म्हणाले. पाणी कोमट आहे, आता उजवा हात, आता डावा. मग माझं जर्मन संपलं. पुढचं वाक्य जुळवताना घाम आला आणि मी गप्प झाले. त्यांनी वाट पाहिली. मग म्हणाल्या, "तुझ्या भाषेत."

"तुम्हाला नाही समजणार."

"मग काय?"

जर्मनमध्ये तिथे सगळे एकमेकांना 'दू', म्हणजे तू, म्हणायचे, मलाही त्यांना तसंच म्हणायला सांगितलं होतं, आणि ते माझ्या तोंडून कधी नीट निघालं नव्हतं. मराठीत मात्र काही ठरवावं लागलं नाही. "अहो मावशी," मी म्हणाले, "जरा मान वर करा बघू." माझाच आवाज मला ओळखू येईना. त्या घरात, त्या भिंतींमध्ये, मी मराठी मोठ्याने पहिल्यांदाच बोलत होते. फोनवर असायचं ते कुजबुजणं, आणि तेही खोटं.

मग मी बोलतच सुटले. पाठ पुसता पुसता सांगितलं की आईला मी ऑफिसचं काम करते म्हणून सांगते. बाबांनी पेढे वाटले. वहिनींनी परात ओढून घेतली आणि मला राग आला की वाईट वाटलं, ते अजून कळत नाही. कृष्णेला पावसाळ्यात पाणी चढलं की आम्ही सगळे पुलावर बघायला जायचो, ते सांगितलं. इथली तळी बघून मला हसू येतं, ते सांगितलं. मला परत जावंसं वाटतं आणि परत जायची लाज वाटते. हे मी तोपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. केस विंचरताना माझे डोळे वाहत होते आणि मी ते बाहीला पुसत होते. बाई आरशातून माझ्या ओठांकडे बघत होत्या. एक अक्षर कळत नव्हतं त्यांना.

मी थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं. उद्या पुढचं."

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. बाई मायाळू वगैरे नव्हत्या. मोजा उलटा घातला तर शिवी द्यायच्या, आणि आता ती शिवी मला समजायची. वहिनींचे मोदक मी त्यांना भरवायला नेले तर एक घास चाखून म्हणाल्या, "चिकट." पण त्यांनीही बोलायला सुरुवात केली. हळूहळू मला त्यांचे शब्द सापडायला लागले. आधी एखादा, मग ओळीतले दोन-तीन. त्यांचे वडील मासे पाळायचे. त्यांना शाळेत घेतलं नव्हतं. वाचायला त्यांना आईने शिकवलं, स्वयंपाकघरात, पिठाच्या पिशव्यांवरची अक्षरं दाखवून. घाईत असलेले लोक त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच "गेनाऊ, गेनाऊ", बरोबर, बरोबर, म्हणून निघून जातात. मी घाईत असूनही जाऊ शकत नव्हते, कारण पूर्ण ऐकल्याशिवाय मला काही कळतच नव्हतं.

ऑक्टोबरात गावाची जत्रा भरली. तिला ते केर्वा म्हणतात. चर्चच्या जत्रेचे दोन दिवस, मधोमध रंगीत फितींचा उंच खांब, बँड, बिअरचा तंबू, मुलांचं फिरतं चक्र. बाईंना जायचं होतं. रविवार होता आणि पाळीवर मीच होते. त्यांना कोट घातला, पायांवर ब्लँकेट, आणि खुर्ची ढकलत निघाले. दगडी रस्त्यावर खुर्ची इतकी हादरत होती की बाईंच्या तोंडून नुसतेच "आ-आ-आ" असे आवाज निघत होते, आणि त्या त्यावरही हसत होत्या.

एका टपरीवर क्यूखला मिळत होते. मोठी तळलेली पुरीच म्हणा, कडेला फुगीर, मधे कागदासारखी पातळ, वर पिठीसाखर. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. आमची पाळी आली तेव्हा टपरीवाला बाईंच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "तिला साखर चालते का?"

मी काही बोलायच्या आत बाजूला उभ्या असलेल्या एका बाईने त्याला विचारलं, माझ्याकडे बघत, "हिला जर्मन कळतं का?"

मग खुर्चीतल्या बाई बोलल्या. सावकाश, घशातून, एकेक शब्द ओढत. टपरीवाल्याने कान पुढे केला, त्याला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझं फ्रांकेनचं जर्मन जेवढं होतं तेवढं गोळा करून मी म्हणाले, "त्या म्हणतायत, दोन द्या. एकावर साखर भरपूर, एकावर नको. आणि तुम्ही तुमच्या वडिलांसारखेच जाड झालात."

टपरीवाला बघतच राहिला. "काय म्हणाली?"

मी पुन्हा सांगितलं. शेवटचं वाक्य जरा मोठ्याने.

त्याने हातातला झारा ठेवला, टपरीतून वाकून बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "अरे... तू तळ्यावरच्यांची ना?" आणि मग तो त्यांच्याशी बोलायला लागला, त्यांच्या वडिलांबद्दल, स्वतःच्या वडिलांबद्दल, मागे रांग खोळंबली तरी. जिथे अडेल तिथे तो माझ्याकडे बघायचा आणि मी सांगायचे. त्या बाजूच्या बाईने पुन्हा काही विचारलं नाही.

आम्ही भिंतीच्या आडोशाला क्यूखला खाल्ले. मी तुकडे करून बाईंना भरवत होते, त्यांच्या कोटावर सगळी साखर सांडली होती. बँड जवळ आला तसं बोलणं शक्यच नव्हतं. माझ्या वयाची मुलं-मुली पारंपरिक कपडे घालून त्या खांबाभोवती जोडीजोडीने नाचत होती. आमच्या शेजारून जाताना काहींनी हात केला. मीही केला. कुणाचं नाव मला माहीत नव्हतं, आणि त्या वर्षात फारशी कळलीही नाहीत. शेजारच्या खोलीतली मुलगी ख्रिसमसच्या आधीच दुसऱ्या संस्थेत गेली. पोटमाळ्यावरचे शनिवार-रविवार तसेच राहिले, हिवाळ्यात तर अंधार लवकर पडून आणखी लांबले. बाई माझी मैत्रीण होत्या असंही मी म्हणणार नाही. सकाळी तासभर आम्ही एकमेकींचं ऐकत होतो. बाकीचा दिवस दोघींनाही आपापला काढायचा होता.

त्या दिवशी त्यांना घरी आणून संध्याकाळच्या पाळीच्या सहकारिणीकडे सोपवलं आणि वर आले. आईचा फोन आला. जेवलीस का, थंडी आहे का, सगळं झालं. मग मी म्हणाले, "आई, मी ऑफिसमध्ये नाही गं काम करत. मी इथे सकाळी एका बाईंना अंघोळ घालते. कपडे घालते, भरवते. बाकीच्यांचंही सगळं करते. सगळं म्हणजे सगळं."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग तिने तो बंद केला असावा.

"पाणी कोमट घेतेस ना?" तिने विचारलं.

"हो."

"आधी स्वतःच्या मनगटावर बघत जा. म्हाताऱ्या कातडीला पटकन चटका बसतो."

"बघते गं."

"बरं." आणि मग, "बाबांना मी सांगेन. तू नको सांगूस."

त्यांना तिने काय आणि कधी सांगितलं मला माहीत नाही. मी फोन ठेवला तेव्हा जत्रेतला बँड अजून वाजत होता, तळ्यांवरून तो दुसऱ्याच गावातला वाटत होता. माझ्या केसांना तळणाचा वास येत होता. सकाळची पहिली पाळी माझी होती, म्हणून मी खाली जाऊन डोकं धुऊन घेतलं आणि उतरत्या छताखाली केस वाळायची वाट बघत बसले.